नव्या साच्यांचा मलिदा

आमच्या घरात कोणी कुजबुजत नसे. बाबांना हळू आवाज ऐकू येत नसे, आणि हे काही दुखणे आहे असे घरात कोणी मानत नसे. आधी मुंबईच्या गिरणीत आणि मग इस्राएलमधल्या किर्यात गात गावच्या कापडगिरणीत, दोन्हीकडे ते साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. एका विणकराकडे साच्यांची जोडी, प्रत्येक साच्यात आडवा दोरा नेणारा लाकडी धोटा या टोकाहून त्या टोकाला मारला जाई, आणि अशा साच्यांच्या रांगा एका छपराखाली. तिथे शब्दांचा उपयोग नसतो. विणकर ओठ मोठे हलवून आणि हातांच्या खुणांनी बोलतात. बाबा पाळी संपवून घरी आले की बराच वेळ तसेच बोलत राहत आणि मध्येच आवाज फुटला की तो खिडकीबाहेर जाई. जेवताना मीठ हवे असले तर चिमूट दाखवत, पोळी हवी असली तर तळहात उलटा करत. आईला आणि आम्हा दोघा भावंडांना ही भाषा येत होती. समोरच्या दारात राहणाऱ्या, मोरोक्कोहून आलेल्या बाईला मात्र आमच्याकडे रोज भांडण होते असे वाटे. एकदा तिने आईला जिन्यात थांबवून विचारले, "तो मारतो का तुला?" आईने आपल्या मोडक्या हिब्रूत सांगितले, "नाही. तो कापड विणतो."

गाव सपाट होते. सरकारने बांधलेल्या एकसारख्या इमारती, त्यांच्यामध्ये वाळलेले गवत, आणि पलीकडे गिरणीचे लांब छप्पर. वाळवंटाकडून वारा सुटला की भांड्यांवर पिवळा थर बसे. गिरणीत भोंगा नव्हता याची बाबांना सुरुवातीची काही वर्षे खंत होती. भोंग्याशिवाय गिरणी म्हणजे आवाज न करता येणारा माणूस, चोरासारखा, असे ते म्हणत. बाकी सगळे त्यांच्या ओळखीचे होते: खळीचा वास, हवेत तरंगणारी रुई, धोट्याच्या भोकातून तोंडाने दोरा ओढून घेण्याची पद्धत. त्या पद्धतीने त्यांच्या पुढच्या दातांत खाच पडली होती. खात्यात आमचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी ज्यू लोक पुष्कळ होते. बाकीचे रुमानियाचे, मोरोक्कोचे. मॅनेजरला सगळे त्याच्या नावाने, ऊरी म्हणून हाक मारत. बाबा त्याला साहेब म्हणत. ऊरीने पुष्कळदा सांगितले की इथे कोणी साहेब नाही. बाबा म्हणत, "हो साहेब."

आज त्या गावाची ओळख वेगळी आहे. संगणकाच्या चिपा बनवणारा कारखाना तिथे आहे, आणि माझ्या ओळखीची तरुण माणसे रोज गाडीने तिकडे कामाला जातात. कारखान्यात शिरण्याआधी ती पांढरे डगले चढवतात, कारण तिथल्या हवेत धुळीचा कणही चालत नाही. मी हे ऐकते तेव्हा मला बाबांच्या भुवयांवरची रुई आठवते. पुढे मी तेल अविवच्या एका वर्तमानपत्रात व्यापाराच्या पानावर अनेक वर्षे काम केले. कुठला देश कुठल्या देशाला कुठला माल काय जकातीने विकतो, हे लिहिणे माझे काम होते. मी जे सांगते आहे ते तशा बातमीत एका वाक्यात मावते: गिरणीने जुने माग काढून बिनधोट्याचे माग बसवले, कामगार कमी झाले. ते वाक्य बरोबर आहे.

आईचे स्वयंपाकघर अरुंद होते आणि त्यात मुंबईहून येणाऱ्या वस्तूंना वेगळे फडताळ होते. बिरडे करायला वाल, आमसुले, वेलदोडे आणि सगळ्यांत वर, पत्र्याच्या डब्यात, पोहे. पोहे इथल्या माकोलेतमध्ये, म्हणजे वाण्याकडे, मिळत नसत. मुंबईहून कोणी आले की आणत, आणि ते आईच्या हातात पडले की ती आधी चार दाणे तोंडात टाकून मग पाहुण्याला बसा म्हणे. हे पोहे नाश्त्यासाठी नव्हते. ते मलिद्यासाठी होते. वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगते: आम्ही बेने इस्राएल लोक एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, नवस बोलतो आणि तो फळाला आला की मलिदा करतो. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, वेलची, वर फळे, सगळे एका मोठ्या ताटात. दहा पुरुष जमतात, प्रार्थना होते, मग ताटातले सगळ्यांना वाटतात. इस्राएलमधल्या इतर ज्यूंना हे माहीत नाही. माझा धाकटा भाऊ दानी इथेच जन्मलेला. त्याच्या शाळासोबत्याने एकदा ताट पाहून हे काय म्हणून विचारले, तर दानीने "केक" असे उत्तर दिले. आईने मराठीत काही विचारले की तो हिब्रूत उत्तर देई. आईला ते समजे, पण ती मराठीत पुन्हा विचारी, जणू पहिले उत्तर आलेच नाही.

ज्या वर्षीची ही गोष्ट आहे त्या वर्षी गिरणीत मालाचे तागे साठू लागले. आमच्या गिरणीचे कापड इंग्लंडातल्या दुकानांना जाई. तिथले खरेदीदार वर्षातून एकदा येत, सुटाबुटात साचेखात्यात फिरत आणि कानांत बोटे घालत. त्या वर्षी ते आले, फिरले आणि काही न ठरवता गेले. बिन्यामीनकाका ही बातमी घेऊन आमच्याकडे आले. ते बाबांचे मुंबईपासूनचे सोबती, त्यांच्याच रांगेतले विणकर. प्रार्थना पाठ असल्याने आमच्या सगळ्या मलिद्यांना तेच म्हणत. ते आले की आधी स्वयंपाकघरात डोकावत.

"काय गो वहिनी, वालांना मोड आले का?"

"मोड यायचे आहेत. तुम्ही बसा आधी. काय म्हणतात गिरणीत?"

"म्हणतात, पूर्वेकडून आपल्यापेक्षा स्वस्त कापड येतं. बंदरात उतरतं तेच निम्म्या भावात. आपली मशीनं जुनी, म्हणून आपलं महाग."

"मग?"

"मग नवी मशीनं आणणार. आणली तर गिरणी चालेल, नाही तर टाळं. ऊरी काल सगळ्यांना बोलला."

बाबा त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते मोठ्याने म्हणाले, "येतील मशीनं! का नाही येणार? आपल्याकडे आणली नव्हती का? नवं खातं घातलं तेव्हा?"

आपल्याकडे म्हणजे मुंबईला. बाबा ज्या गिरणीत होते तिथे एकदा नवे साचे आले, तर दारावर उभ्या असलेल्या सगळ्या बदली कामगारांना आत घेतले होते. दसऱ्याला त्या साच्यांना झेंडूच्या माळा घातल्या गेल्या. आमचे लोक पूजा करत नसत, पण बाजूला उभे राहत आणि पेढे खात. बाबांच्या हिशेबात साचा वाढला की माणूस वाढतो, कारण साच्यापुढे माणूस लागतोच. हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. यात चूक कुठे आहे हे त्या संध्याकाळी आमच्या घरातल्या कोणालाच दिसले नाही, शाळेत पुढे असलेल्या मलाही नाही. बाबांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. त्यांना साच्याशिवाय काही येत नव्हते, आणि गावात दुसरी गिरणी नव्हती. सगळे मशीनांवर आहे, असे काका म्हणाले. आईने ते शब्द धरले. तिने डोक्यावर पदर घेतला, पूर्वेला, यरुशलेमकडे, तोंड करून उभी राहिली आणि आम्हा सगळ्यांसमोर मोठ्याने, म्हणजे आमच्या घरात बोलतात त्या आवाजात, नवस बोलली: "एलियाहू हन्नाबी, गिरणीत नवी मशीनं येऊ देत. आली तर मलिदा करीन, आणि दर साली करीन." काका आमेन म्हणाले. बाबांनी ओठ वाचले आणि उशिरा आमेन म्हटले.

मशीने आली. मोठमोठी लाकडी खोकी ट्रकांवरून आली आणि मुले शाळा सोडून बघायला गेली. खोक्यांवर परक्या भाषेत काही छापलेले होते आणि एका कडेला छत्रीचे चित्र. आईने त्याच आठवड्यात गुरुवारी मलिदा ठरवला. डब्यातले सगळे पोहे काढले. ओला नारळ मिळत नसे, म्हणून सुके खोबरे कोमट पाण्यात भिजवले, आणि त्याची चव कधीच बरोबर येत नाही असे ती दर वेळेसारखे म्हणाली. साचेखात्यातले आमचे लोक आले, त्यांच्या बायका आल्या. बाबांनी ऊरीलाही बोलावले होते. तो येईल असे कोणाला वाटले नव्हते. तो आला, घरात टोपी घालून बसला आणि बिन्यामीनकाकांची प्रार्थना संपेपर्यंत नीट बसला. आईने त्याच्या हातावर मलिदा ठेवला.

"कशासाठी आहे हे?" त्याने मला हिब्रूत विचारले.

"नव्या मशीनांसाठी," मी म्हणाले.

त्याने हातावरच्या पोह्यांकडे पाहिले. मग बाबांकडे पाहिले. बाबा छाती पुढे काढून उभे होते, इस्त्रीचा पांढरा सदरा, दाढी घोटलेली.

"छान आहे," ऊरी म्हणाला. "गोड आहे." त्याने सगळे खाल्ले. निघताना त्याने बाबांचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरला. "यिहिये बेसेदेर," तो म्हणाला, होईल सगळे ठीक, आणि गेला. बाबा म्हणाले, "बघितलंस? साहेबाने सगळं खाल्लं. मुंबईच्या गोऱ्या साहेबाने पेढ्याला कधी हात लावला नाही."

नवे साचे बसवायला परदेशातून एक फिटर आला होता. तो गंभीर चेहऱ्याचा होता आणि दुपारी एकटाच डबा खाई. मशीने चालू झाली त्या दिवशी बाबा घरी आले ते वेगळेच दिसले. भुवयांवर रुई होती, पण हात स्थिर होते. ते खुर्चीवर बसले आणि खुणा न करता, साध्या आवाजात बोलले. साधा आवाज म्हणजे त्यांच्यासाठी फार हळू. आईला तो नीट ऐकू आला नाही.

"काय म्हणता?"

"धोटा नाही," बाबा म्हणाले. "त्याला धोटाच नाही. दोरा असा जातो, फुंकर मारल्यासारखा. तुटला की साचा आपला आपण थांबतो. दिवा लावतो. मग कोणी तरी यायचं आणि जोडायचा. एक माणूस अख्खी रांग बघतो. रांग गो, अख्खी."

आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणे ठेवले नाही. "मग बाकीच्यांना दुसऱ्या रांगा देतील," ती म्हणाली.

"दुसऱ्या रांगा किती आहेत?" बाबांनी विचारले. तिला माहीत नव्हते. त्यांना माहीत होते.

कामगार समितीने बैठक बोलावली तेव्हा बाबांनी मला बरोबर नेले, कारण कागदावरची हिब्रू त्यांना येत नसे आणि बोललेली ऐकू येत नसे. मी त्यांच्याकडे तोंड करून बसले आणि ओठ मोठे हलवून मराठीत सांगत गेले. ऊरीच बोलत होता. तो वाईट माणूस नव्हता. हे मी तेव्हाही लिहिले असते आणि आजही लिहिते. त्याने सांगितले की इंग्लंडच्या दुकानांना फक्त भाव दिसतो. पूर्वेकडच्या देशांत मजुरी इतकी कमी आहे की तिथल्या मालाशी जुन्या सामानावर टक्कर देता येत नाही. नवी मशीने आली नसती तर सगळी गिरणी गेली असती, आता निम्मी वाचते. तरुण लोकांना नव्या मशीनांवर शिकवतील. वय झालेल्यांना कायद्याप्रमाणे मिळेल ते मिळेल. मागे कोणीतरी रुमानियन भाषेत ओरडले. मोरोक्कोच्या एका बाईने विचारले की पूर्वेकडचे ते लोक काय खाऊन राहतात. ऊरीने हातातला कागद उलटला. मी हे सगळे बाबांना सांगितले. "वय झालेले" हे सांगताना मी ओठ जास्त हलवले नाहीत, पण ते त्यांनी वाचले.

"विचार साहेबाला," ते म्हणाले, "मी शिकतो म्हणावं. मला बोटांनी दोरा जोडता येतो, दिव्याकडे बघता येतं."

मी विचारले. ऊरी थेट बाबांकडे बघून, सावकाश, ओठ मोठे करून बोलला. खात्यात इतकी वर्षे काढून त्यालाही ते येत होते. बाबांचे नाव घेऊन तो म्हणाला, "शालोम, तुझ्या कानांना ते मशीन ऐकू येणार नाही. ते फार हळू आवाजात चालतं." बाबांना हे माझ्याशिवाय समजले. मला सांगावे लागले नाही.

परतताना बिन्यामीनकाका आमच्याबरोबर चालत होते. त्यांचेही तेच झाले होते. गिरणीच्या फाटकापाशी ते थांबले आणि म्हणाले, "शालोम, मशीनाला मलिदा आपण घातला. आता ते आपल्याला ओळखतही नाही." बाबा हसले. ते हसले याचे मला तेव्हा फार वाईट वाटले होते.

घरी आई दारात होती. तिने आमच्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि बाजूला झाली. बाबांनी बूट काढले आणि खुंटीला टोपी लावली. मग ते तिला म्हणाले, ओरडून नव्हे, "तू मशीनं मागितलीस गो. माझं काम मागायचं होतंस." आई म्हणाली, "मला वाटलं एकच आहे." दानी खाली पायऱ्यांवर चेंडू आपटत होता आणि तो आवाज वर येत होता.

जुने साचे विकले गेले होते. युरोपातल्या कोणा दलालाने ते घेतले, असे ऐकू आले. ते सोडवून खोक्यांत भरायला माहीतगार माणसे हवी होती, म्हणून ज्यांना काढले होते त्यांच्यातलेच काही थोड्या दिवसांसाठी परत बोलावले. बाबा गेले. मी त्यांना डबा द्यायला गेले तेव्हा छपराखाली निम्म्या भागात शांतता होती आणि पलीकडून नव्या मशीनांचा सुस्कारा येत होता, एकसारखा. बाबा जमिनीवर बसून एका साच्याचे दात पुसत होते. पुसून झाले की त्यावर तेल लावून चिंधी गुंडाळत. धोटे त्यांनी वेगळ्या पेटीत, एकाला एक घासणार नाहीत असे रुईत ठेवले होते. एका तरुण पोराने, नव्या मशीनांवर शिकणाऱ्या, त्यांना सांगितले की आजोबा, एवढं कशाला, भंगारच आहे ते.

"भंगार कोणी इतकं भाडं भरून नेतं का?" बाबा मला म्हणाले. "तिकडे कोणी तरी उघडणार. तो साचेवालाच असणार. गंजलेलं सामान मिळालं तर शिव्या देईल."

"कुठे जाणार आहेत?" मी विचारले.

"मुंबईला," बाबा म्हणाले. "नाही तर भिवंडीला. दुसरीकडे कोण घेणार धोट्याचे साचे?" त्यांनी हे कोणाकडून ऐकले नव्हते, ते त्यांनी ठरवले होते. मी बातमीदार झाल्यावर एकदा त्या खोक्यांचा माग काढायचा प्रयत्न केला. युरोपातल्या एका बंदरापर्यंत ती गेली, एवढे नक्की. त्यापुढे ती कुठल्या देशात उघडली गेली ते मला सांगता येत नाही. मी बाबांना सांगितले नाही की ते नक्की नाही. त्यांनी विचारलेही नाही.

काही महिन्यांनी त्यांना दानीच्या शाळेत काम मिळाले. वर्ग झाडणे, बागेला पाणी घालणे. शाळेची घंटा त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे सुट्टी झाली की मुले अचानक त्यांच्या अंगावर येत आणि ते भिंतीला टेकून उभे राहत. दानी त्यांना पटांगणात ओळख देई, पण लांबून, हाताची खूण करून. तेवढी गिरणीची भाषा त्याला राहिली. घरात बाबांचे खुणा करणे कमी होत गेले. आईला त्याची सवय लागायला वेळ लागला; बाबांची बोटे सहज जुळली तरी ती चिमूट समजून मीठ पुढे करी.

वर्ष फिरले आणि तो गुरुवार आला. मला वाटले होते, आई त्याचे नावही काढणार नाही. सकाळी मी उठले तर पोहे निवडायला काढले होते.

"करणार?" मी विचारले.

"दर साली म्हटलं होतं मी."

"पण आई, त्या मशीनांनी—"

"मशीनं आली ना?" ती म्हणाली. "मी मागितलं ते त्याने दिलं. आता मी फिरू कशी?" बाबा खिडकीपाशी उभे होते. त्यांनी काही ऐकले की नाही ते कळले नाही. संध्याकाळी दहा पुरुष जमले, त्यांतले निम्मे कामावरून काढलेले. बिन्यामीनकाकांनी प्रार्थना म्हटली, कुठेही न अडखळता. बाबांनी हात पुढे केला, मलिदा घेतला आणि खाल्ला. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. ज्या मशीनांनी त्यांना दाराबाहेर काढले त्यांच्यासाठी आमच्या घरात असा दर साली मलिदा होत राहिला आणि आम्हाला त्यातून सुटण्याचा रस्ता दिसत नव्हता.

ती नवी मशीनेही टिकली नाहीत. आणखी स्वस्त मजुरीचे देश नकाशावर निघाले, आणि मी तेल अविवला कामाला लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हा गिरणीने तीही विकायला काढली. त्याची बातमी माझ्याकडेच आली. मी ती इतर बातम्यांसारखीच लिहिली, आणि संपादकाने त्यातले एकही अक्षर बदलले नाही. बातमी छापून आली त्या सकाळी आईचा फोन कचेरीत आला. ती फोनवर अजून ओरडूनच बोले; शेजारच्या टेबलांवरचे लोक वळून पाहू लागले.

"रूबी, मशीनं गेली म्हणतात. खरं का?"

"हो आई. खरं आहे."

"सगळी?"

"सगळी."

ती म्हणाली, "उद्याच गुरुवार आहे गो, मलिद्याचा. मग आता करायचा की नाही?"

मी काय सांगणार? बिन्यामीनकाका तोवर वारले होते. गावातल्या नव्या रब्बीला आईने विचारले होते, तर त्याने आधी मलिदा म्हणजे काय ते विचारले. मी फोन कानाशी दाबला. मागे त्यांच्या स्वयंपाकघरात ठक, ठक असा आवाज येत होता, मग काही तरी फुटले आणि भांड्यात पाणी पडले. आता माकोलेतमध्ये ओले नारळ मिळू लागले होते, कुठल्या कुठल्या देशांतून येत. बाबांनी मलिद्यासाठी एक फोडला होता.